‘फक्त आहाराने ४० दिवसांत कॅन्सर गेला’ हे खोटं आहे

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी जाहीर केलं की पत्नीचा स्तनाचा कॅन्सर कडुलिंब, हळद, लिंबूपाणी आणि साखर-दूध बंद करून ४० दिवसांत गेला. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून याला पुरावा नसल्याचं सांगितलं. मग सिद्धूंनीच शस्त्रक्रिया, केमो, हार्मोन उपचार झाल्याचं मान्य केलं. त्या दाव्याचा व्हिडिओ मात्र अजून फिरतोय.

‘साखर तोडली की कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात.’ या पेशी ग्लुकोज भरपूर घेतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. पण साखर सोडली तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतंच. उपासमारीत झिजतात ते बाईचे स्नायू, आणि अशक्तपणा फार वाढला तर केमोची पुढची सायकल लांबते. त्या दिवसांत तिला डाळ, अंडी, पनीर हवं असतं. तुम्ही दूध कसलं बंद करता?

‘हळद, कडुलिंब, लिंबू गाठ विरघळवतात.’ हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मारतं, पण पोटातून रक्तात जेमतेम पोहोचतं. भाजीत हळद खुशाल घाला. कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात मिरीच्या अर्कासोबत कर्क्युमिन घेतल्यावर टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोन उपचाराच्या गोळीच्या सक्रिय रूपाची रक्तातली पातळी घटली होती. आणि केमोने तोंड आलंय, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतंय, अशा बाईपुढे लिंबूपाण्याचा पेला धरणं हा छळ आहे. तिला मऊ, कोमट खिमट द्या.

‘भाज्या-फळांनी कॅन्सर परतत नाही.’ अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या ३,०८८ स्त्रियांपैकी निम्म्यांना भाज्या, फळं, तंतुमय पदार्थ खूप वाढवायला लावले. सरासरी सात वर्षांनी दोन्ही गटांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण सारखंच होतं. तरी भाज्या खाव्यातच. त्यांनी वजन आटोक्यात राहायला मदत होते, आणि पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा हा या कॅन्सरचा पक्का धोका आहे. सोयाबीनलाही घाबरू नका: शांघायच्या ५,०४२ रुग्णांत जास्त सोया खाणाऱ्यांचा कॅन्सर उलट कमी परतला.

‘केमो विष, वनस्पती औषध.’ स्तनाच्या कॅन्सरवर नेहमी दिलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल सापडलं तेच मुळी पॅसिफिक यू झाडाच्या सालीत. फरक मोजलेल्या डोसचा आणि चाचण्यांचा. २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपाय निवडणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत मृत्यूचा धोका साडेपाचपटींहून जास्त निघाला. आणि निदान झालं तेव्हा त्यांच्यापैकी कुणाचाही कॅन्सर शरीरात दूर पसरलेला नव्हता.