‘फ्युर एलिझ’चं पुढचं पान

पियानो शिकणाऱ्या कुणालाही विचारा, बीथोव्हेनचं ‘फ्युर एलिझ’ येतं का? बहुतेक जण हो म्हणतील. मग पान उलटून पुढचं वाजवायला सांगा. तिथे हात थबकतो आणि ठरलेलं उत्तर येतं: ‘पुढचं मला तेवढं आवडत नाही.’

न आवडणारा भाग सोडावा का, यावर माझं मत असं. हौसेने वाजवणाऱ्याने खुशाल सोडावा, पण आधी शिकावा आणि मग सोडावा. न शिकता सोडला तर आवडता भागही चुकीचा बसतो. हे नैतिक वगैरे अजिबात नाही, निव्वळ लयीचं गणित आहे.

बीथोव्हेनची ही रचना 1810ची, छापली गेली मात्र 1867मध्ये, तो जाऊन 40 वर्षं झाल्यावर. आराखडा साधा आहे. ए मायनर या स्वरमेळातली ओळखीची धून तीनदा येते आणि तिच्या मध्ये दोन वेगळे भाग आहेत, पहिला एफ मेजर या दुसऱ्या स्वरमेळात सुरू होणारा आणि दुसरा डाव्या हातात ए हा एकच स्वर ठोकत राहणारा. तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या जी धून वाजवत येतात ती यातलीच, अर्थात सुरुवातीची.

आता गणित. प्रत्येक बारात, म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात, 3 क्वेव्हर, म्हणजे तीन मात्रा. ओळखीच्या धुनेत एका क्वेव्हरला दोन स्वर पडतात. एफ मेजरच्या भागात शिरल्यावर साधारण 30व्या बाराला उजव्या हातात एका क्वेव्हरला चार स्वर येतात. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं लययंत्र, क्वेव्हरला 120 वर (मिनिटाला 120 क्वेव्हर) ठेवलात तर सुरुवातीला सेकंदाला चारच स्वर वाजवायचे असतात, ते कुणालाही जमतात. 30व्या बारात तेच सेकंदाला आठ होतात. पुढचं पान न पाहिलेला माणूस पहिलं पान याच वेगाने, किंवा याहून जोरात, महिनोन्‌महिने घोटतो. पुढे कधी तो भाग शिकायला घेतला की बोटं एकमेकांत अडकतात, आणि मग भागच वाईट ठरतो. आपल्याला न आवडणाऱ्या भागांपैकी बरेचसे असे असतात: पूर्ण लयीत आपल्याच हातून कधी ऐकलेलेच नसतात.

म्हणून उलट दिशेने या. आधी 30 आणि 31 हे दोनच बार घ्या. पुढचे दोन बार म्हणजे त्यांचीच पुनरावृत्ती, त्यामुळे खरी अवघड जागा दोन बारांची आहे. उजव्या हातात एक जी सारखा परत येतो आणि त्याच्याभोवती बाकीचे स्वर सरकतात. तो जी जड पडला की वरची ओळ बुडते. नुसती वरची ओळ, जी गाळून, चार-पाच वेळा वाजवा. मग जी हलकेच मिसळा. क्वेव्हरला 50 वर सुरू करा, सलग तीनदा न चुकता आलं की 4 वाढवा. दिवसाला दहा मिनिटं पुरे. जिथे हात स्वच्छ राहतो तो वेग, समजा 84, तीच तुमची पूर्ण रचनेची लय. आता पहिलं पान 84 वर वाजवून पाहा. ती धून धावण्यासाठी लिहिलेलीच नाही, हे कानाला लगेच कळतं.

दुसऱ्या भागाची तक्रार वेगळी: डावा हात भरून येतो. बाराला सहा वेळा तोच ए, आणि तेही बराच वेळ. हात दुखतो कारण एखादा स्वर निसटेल या भीतीने प्रत्येक वेळी पट्टी तळापर्यंत दाबून धरली जाते. मनगट सैल ठेवा, सहांपैकी पहिल्यालाच किंचित वजन द्या, बाकीचे पट्टीच्या जवळूनच वाजवा. पेडल, म्हणजे स्वर लांबवणारी पायाची कळ, उजव्या हाताची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलेल तेव्हा बदला, नाहीतर खाली नुसता चिखल होतो. वाद्याचाही हात असतो. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर न येता स्वर पुन्हा वाजतो. पियानो बनवणाऱ्या एरार्डने 1821मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रणेची ही देणगी. अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, पट्टी जास्त वर येऊ द्यावी लागते. तेव्हा स्वर गळत असतील तर दोष दरवेळी बोटांचाच नसतो.

शोपँ या संगीतकाराची ‘फँटेसी-इम्प्रॉम्प्टू’ ही रचना याहून ठळक उदाहरण. कुणी फक्त मधला संथ भाग वाजवतो, कुणी तो रटाळ म्हणून गाळतो. पण शेवटाला तीच संथ धून डाव्या हातात परत येते. मधला भाग गाळलात तर तो शेवट कुठून आला, हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही.

ख्यालात अंतरा न गाणारे गायकही आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, पण तिथे रागाची बढत त्यांच्या हातात असते. इथे सगळं कागदावर बांधलेलं आहे.

तरीही कागद म्हणजे देवाज्ञा नव्हे. संगीतकार-पियानोवादक राखमनिनॉफने 1931च्या कोरेली व्हेरिएशन्समध्ये काही व्हेरिएशन्स (एकाच धुनेची बदलती रूपं) गाळता येतील अशी सोय छापील प्रतीतच ठेवली. मैफलीत तर श्रोत्यांचा खोकला वाढला की तो पुढचं व्हेरिएशन सोडायचा, असं त्याने स्वतःच संगीतकार मेटनरला लिहिलं होतं! फरक इतकाच की गाळलेलं सगळं त्याला येत होतं.

गाळायचंच असेल तर जोड कुठे बसतो ते पाहा. ‘फ्युर एलिझ’मध्ये दोन्हींपैकी कुठलाही एक भाग अख्खा गाळता येतो, कारण आधी ए मायनरमध्ये विसावा आहे आणि नंतर तीच धून परत येते. अर्धा भाग मात्र गाळू नका, स्वर अधांतरी राहतात. परीक्षेला बसणार असाल तर हा प्रश्नच नाही: पुनरावृत्ती सोडायची मुभा असते, भाग सोडायची नसते.

आणि पहिल्या पानावरच थांबायचं ठरवलं असेल, तर शेवटी एफ मेजरकडे नेणारे जोडस्वर वाजवू नका. ए वर या, तो पूर्ण धरा, पेडल सोडा.