म्हाताऱ्यांना नुसता रस्सा नको

साठी ओलांडलेल्यांसाठीचा एक मेसेज सध्या कोल्हापुरात घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: स्नायू वयानं झिजणारच, त्यावर उपाय नाही. प्रोटीननं किडनी जाते, म्हणून डाळ, अंडी, मटण बंद करून हलकं खा, रात्री पेज घ्या. व्यायाम म्हणून रंकाळ्याची फेरी पुरे. दुखणं आलं तर महिनाभर अंथरूण सोडू नका. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर, ताकदीसाठी रोज चमचाभर अमुक पावडर!

‘झिजणारच’ हे अर्धं खरं आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर स्नायू कमी होत जातात आणि ताकद त्याहून वेगानं उतरते. संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये याला सार्कोपेनिया हे नाव दिलं. ‘उपाय नाही’ हे मात्र साफ खोटं. १९९० मध्ये अमेरिकेत बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात संशोधक मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! आपण सत्तरीतल्या माणसाला ‘आता बसा निवांत’ म्हणतो.

आता मुख्य मुद्दा, जेवणाचा. म्हातारपणी प्रोटीन कमी लागतं असं मेसेज धरून चालतो. खरं उलट आहे. तेवढंच प्रोटीन खाऊन तरुण शरीर जितका स्नायू बांधतं, तितका म्हातारं शरीर बांधत नाही. म्हणून २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं ६५ वर्षांवरच्यांना किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन सुचवलं. ५५ किलोच्या आईला म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. तिच्या दिवसभराच्या ताटातला हिशेब मांडा. दोन भाकऱ्यांत दहा-बारा ग्रॅम, पातळ आमटीच्या वाटीत तीन-चार, वाटीभर भातात चारही जेमतेम, कपभर दुधात पाच. बेरीज पंचवीसच्या आत-बाहेर. त्यातून आमटी काढून पेज आणली की किती उरलं?

मटण खाणाऱ्या घरांत तर गंमतच होते. रविवारी आजोबांना दात नाहीत म्हणून पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या आणि मऊ भात, पीस नातवाला. ‘रश्श्यात सगळी ताकद उतरते’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. रश्श्यात चव उतरते, चरबी उतरते, हाडा-कातडीतून सुटणारं थोडं चिकट जिलेटिन उतरतं. बाकीचं प्रोटीन मटणातच राहतं. जिलेटिन हेही प्रोटीनच, पण स्नायू बांधायला लागणारं ल्युसिन त्यात कमी आणि ट्रिप्टोफॅन हा प्रोटीनचा दुसरा गरजेचा घटक तर नाहीच. रस्सा प्या की, कोल्हापुरात राहून कोण नको म्हणेल! पण दात नसतील तर खिमा करा, कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या, पीस कुस्करून भातात कालवा. न खाणाऱ्यांना घट्ट वरण, पिठलं, दही, दाण्याचं कूट, भिजवून बारीक केलेलं सोयाबीन. पिठल्याला तर दातच लागत नाहीत. अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, पिवळ्या बलकासकट. आणि हे सगळं एकाच जेवणात कोंबू नका. चहा-बिस्किटाच्या नाश्त्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, वाढवायला तिथूनच सुरुवात करा.

किडनीचं काय? ज्यांना किडनीचा आजार आहे आणि डायलिसिस चालू नाही, त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढंच प्रोटीन खावं. त्यांच्यापुरती ही भीती रास्त आहे. डायलिसिसवर असलेल्यांना उलट जास्त लागतं. ठणठणीत किडनी मात्र डाळ-अंड्यानं बिघडत नाही. एक बारीक गोष्ट: किडनी नीट चालते का हे बघायला रक्तात जे क्रिएटिनिन मोजतात, ते स्नायूंतूनच तयार होतं, त्यामुळे अगदी वाळलेल्या माणसाचं क्रिएटिनिन किडनी थकलेली असतानाही ‘नॉर्मल’ दिसू शकतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच खुराक ठरवा.

रंकाळ्याची फेरी चांगलीच. हृदयाला, साखरेला, मनालाही. पण नुसत्या चालण्यानं मांडीची ताकद पुरेशी वाढत नाही. घरच्या घरी तपासा: हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषाप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवावं. व्यायामही हाच. आधी हाताचा आधार घेऊन, मग आधाराशिवाय, आठवड्यातून दोन-तीन दिवस. गंगावेशीच्या तालमीत कुठल्याही वस्तादाला विचारा, मेहनत सोडून नुसता खुराक चालू ठेवला की पैलवानाचं काय होतं.

पावडरचं उत्तरही यातच आलं. फियाटारोन यांच्याच १९९४ च्या प्रयोगात वृद्धाश्रमातल्या शंभर जणांचे गट केले होते. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली. व्यायामाशिवाय नुसतं पूरक पेय घेणाऱ्यांना ताकदीत फायदा दिसला नाही. शिवाय चमचाभर पावडरीत प्रोटीन किती आणि साखर किती, ते डब्याच्या मागे छापलेलं असतं. वाचा.

सगळ्यात घातक सल्ला अंथरुणाचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. दहा दिवसांत, तेही आजार नसताना. तेव्हा दवाखान्यातून घरी सोडताना गोळ्यांच्या वेळांबरोबर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: आजपासून किती वेळा उठवून बसवायचं, आणि कधीपासून चालवायचं.