विहिरीत बेडूक सोडून औषध निघत नसतं

‘विहिरीत १०-१२ मोठे बेडूक सोडा. फवारणीचं विष ते अंगात ओढून घेतात, पाणी पिण्यालायक होतं. बेडूक ओरडतोय म्हणजे पाणी शुद्ध. आताची औषधं अंगात साठत नाहीत, लेबलप्रमाणे मारलं तर बेडकालाही काही होत नाही.’ शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, फोनवर आला आणि त्यांनी बेडूक धरायला पोरं धाडली. म्हणून हे लिहावं लागतंय. औषध अंगात साठतच नसेल तर बेडूक ओढून काय घेतो, एवढं तरी लिहिणाऱ्यानं बघायचं होतं.

विहिरीचा हिशोबच मांडू. २० फूट व्यास, १० फूट पाणी, म्हणजे साधारण ८९,००० लिटर. समजा एखादं औषध बेडकाच्या अंगात पाण्याच्या १०० पट साठतं. तरी निम्मं औषध अंगात जायला ८९० किलो बेडूक लागतील. २०० ग्रॅमचा एक धरला तर साडेचार हजारांच्या आसपास. १०-१२ बेडकांच्या वाट्याला हजारातले तीन भागही येत नाहीत. बांधीव विहिरीत टेकायला जागा नसली की बेडूक दमून मरतो. सडला की अंगातलं सगळं परत पाण्यात, वर घाण वेगळी. आणि हे पाणी प्यायचं म्हणे!

‘आताची औषधं साठत नाहीत’ यात अर्धं खरं आहे, कबूल. डीडीटी चरबीत वर्षानुवर्षं बसायचं. शेतीसाठी ते १९८९ मध्ये बंद झालं. इमिडाक्लोप्रिड हे आताचं कीटकनाशक पाण्यात विरघळतं, चरबीत फारसं बसत नाही. पण सोयाबीन पेरल्यावर ४८ तासांच्या आत मारतात ते पेंडीमेथॅलिन हे तणनाशक चरबीत बसणाऱ्यांपैकीच. आणि ते मारायची वेळ बघा. पाऊस पडलेला असतो, काळ्या रानाच्या भेगांतून बेडूक वर आलेला असतो, बांधालगतच्या डबक्यात अंडी पडत असतात. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. ओल्या ढेकळावर पोट आणि मांड्यांची आतली बाजू टेकून बसतो, तिथली कातडी पाणी ओढते. ढेकळावर पडलेलं औषधही त्याच वाटेनं आत जातं. फवारलेले किडे खातो ते वेगळंच. चरबीत बसणारं औषध मूत्रपिंडालगतच्या, बोटांसारख्या पिवळ्या चरबीत जाऊन बसतं. उन्हाळ्यात जमिनीत उपाशी पडून असताना हीच चरबी जळते आणि साठलेलं रक्तात सुटतं. स्फुरदयुक्त खतांतूनही रानात येणारा कॅडमियम हा विषारी धातू यकृत-मूत्रपिंडात मुक्काम करतो.

लेबलच्या मात्रेचं म्हणाल, तर २०१३ मध्ये जर्मनीतले संशोधक कार्स्टन ब्रूल यांच्या गटानं तिकडच्या साध्या बेडकाच्या पिल्लांवर सात औषधं फवारून पाहिली. लेबलवरच्याच मात्रेला बाजारातल्या एका औषधानं तासाभरात सगळी पिल्लं मेली. बाजारातल्यांत जे सगळ्यात सौम्य निघालं त्यानंही सात दिवसांत ४० टक्के. पायराक्लोस्ट्रोबिन हे बुरशीनाशक तेच, पण ज्या डब्यात नॅफ्था हा द्रावक जास्त, तो जास्त मारक. नुसतं औषधाचं नाव वाचून भागत नाही ते यामुळे.

ओरडण्यावर फार बोलायला नको. ओरडतो तो मोठा झालेला नर, यंदाच्या अंड्यांचं काय झालं ते त्याच्या आवाजावरून कळत नाही. पाण्यातलं नायट्रेट, फ्लोराइड तर मुळीच कळत नाही.

तात्या, पोरांना परत बोलवा. पाणी बघायचंच असेल तर भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या. लिटरभराची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरायची. लिटरला नायट्रेट ४५ आणि फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. कीटकनाशकाची तपासणी वेगळी सांगून मागावी लागते. तो नमुना गडद काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून न्यायचा. प्लास्टिकला औषध चिकटतं आणि आकडा खोटाच कमी येतो. आणि विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धुणं आजपासून बंद करा. ते धुवण रानातच नेऊन त्याच पिकावर मारायचं असतं.