न्यायाधीशांची निवडणूक घ्यायची म्हणताय?

दिल्लीत एका न्यायमूर्तींच्या बंगल्यात जळक्या नोटा सापडल्याची बातमी 2025च्या मार्चमध्ये आली, तेव्हापासून एक मागणी सारखी दिसतेय: नगरसेवकाला निवडून यावं लागतं, मग न्यायाधीशांना का नको? त्यामागचा राग मला पटतो. मागणी मात्र पटत नाही, कारण मेक्सिकोने नेमकं हेच करून पाहिलंय.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांना दोन जबर दणके दिले. नॅशनल गार्ड हे केंद्रीय सुरक्षा दल लष्कराच्या ताब्यात द्यायला नकार दिला आणि निवडणूक यंत्रणेची छाटणी करणारे त्यांचे कायदे रद्द केले. पुढच्याच फेब्रुवारीत अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला की सगळे न्यायाधीश जनतेने निवडावेत. न्यायालयांत वशिलेबाजी होती, नातेवाईक चिकटवले जात होते, हे खोटं नव्हतं. म्हणूनच प्रस्ताव लोकांना भावला. सप्टेंबर 2024 मध्ये घटनादुरुस्ती झाली. तिच्यातच हळूच आणखी एक कलम बसवलं: एखाद्या कायद्याला देशभर सरसकट स्थगिती द्यायचा न्यायालयांचा अधिकार काढून घेतला. निवडणुकीच्या गाजावाजात त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्या मते खरी मेख तिथेच होती.

1 जून 2025 ला मतदान झालं. एकेका मतदाराच्या हातात नुसत्या केंद्रीय पदांच्याच सहा रंगीत मतपत्रिका. सर्वोच्च न्यायालयाची जांभळी. तिच्यावर साठहून जास्त नावं, ना पक्ष ना चिन्ह. प्रत्येक नावापुढे नंबर, आणि मतदाराने चौकोनात पाच बायकांचे आणि चार पुरुषांचे नंबर लिहायचे. आता सांगा, कोणत्या न्यायाधीशाने कोणत्या खटल्यात काय निकाल दिला, हे बघून कोण नंबर लिहिणार? साहजिकच चिठ्ठ्या फिरल्या. तिथे त्यांना 'आकॉर्देओन' म्हणतात, म्हणजे आपल्याकडे दहावीच्या पेपरला बाहीत लपवतात तसली घडीची कॉपी. त्यावर नंबर आयते छापलेले. मतदान जेमतेम 13 टक्के. निवडून आलेले नऊच्या नऊ जण वाटल्या गेलेल्या चिठ्ठ्यांवर होते!

मतदार न्यायाधीशाला जाब विचारणार, ही कल्पना कागदावर झकास आहे. प्रत्यक्षात ज्याच्याकडे माणसं आणि चिठ्ठ्या, त्यालाच न्यायाधीश जाब देणार. आणि असा माणूस बहुतेक वेळा सत्तेतलाच असतो. म्हणजे सरकारला 'थांब' म्हणायची नोकरी ज्याची, त्याची भाकरी सरकारच्याच हातात.

मग आपल्याकडचं सगळं उत्तम आहे का? मुळीच नाही. न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, म्हणजे कॉलेजियमच्या, बंद खोलीत काय चालतं, ते आत बसलेल्यांनाच ठाऊक. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचा एकच रस्ता आहे, संसदेतला महाभियोग, आणि तो लोकप्रतिनिधींच्याच हातात आहे. त्याचं काय झालं ते 1993 मध्ये दिसलं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावरचे बरेच आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल आपल्या न्या. पी. बी. सावंतांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दिला होता. लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूने 196 मतं पडली, विरोधात एकही नाही. आणि 205 खासदार तटस्थ! सत्ताधारी काँग्रेसवाल्यांनी बाकावर बसून, लागणाऱ्या मतांचा आकडा गाठू न देता, प्रस्ताव पाडला. एवढा जाडजूड अहवाल गेला बासनात.

त्यामुळे माझ्या मागण्या साध्या आहेत. न्यायाधीशांवरच्या अंतर्गत चौकशीचे अहवाल लोकांसमोर यावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी 2025 मध्ये मालमत्तेचे तपशील संकेतस्थळावर टाकले, तसे सगळ्या उच्च न्यायालयांत सक्तीने टाकायला लावावेत. आणि महाभियोगाच्या दिवशी आपला खासदार तटस्थ बसला, तर ते त्याच्या मतदारसंघातल्या प्रत्येक गावात कळलं पाहिजे. त्याला घरी बसवायला आपल्याला वेगळी घटनादुरुस्ती लागत नाही.