झाकण किती वाजता लावायचं?

एअरगन घेतली म्हटलं की गावात सगळे एकच विचारतात, माकडं मारतोस काय? नाही हो. वानर मारणं कायद्यात बसत नाही आणि आमच्या आईच्या मारुतीतही बसत नाही. माझी आपली साधी स्प्रिंगवाली, ४.५ मिमी छर्र्याची, २० ज्यूलच्या आतली म्हणून परवाना न लागणारी, आणि शिकार म्हणाल तर मांगरामागे (शेतातल्या खोपटामागे) मातीच्या ढिगावर मांडलेल्या करवंट्या. देवगडात आमच्या वाडीवर संध्याकाळी दुसरं करायचं काय. वानरं मागच्या फणसावर बसून बघत असतात, आता तर आवाजाला दचकतही नाहीत.

तर गेल्या पावसात बंदुकीवरच्या स्कोपच्या, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीच्या, काचेला बुरशी आली. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खारा वारा, चपलेला बुरशी येते तिथे काचेचं काय घेऊन बसलात. मग ऑनलाइन बघून ती टक् करून उघडणारी झाकणं मागवली, पुढच्या काचेला एक, डोळ्याकडच्या काचेला एक. स्कोपवर ३-९×४० लिहिलंय म्हणून मी हुशारीने ४० मिमीचं झाकण मागवलं. ते ४० म्हणजे आतली काच हो! झाकण बसतं बाहेरच्या कडेवर. परत पाठवलं, कडेभोवती दोरा गुंडाळला, दोरा भरला १५ सेंटीमीटर, त्याला ३.१४ ने भागलं, आले पावणेअठ्ठेचाळीस मिमी. दहावीनंतर पाय पहिल्यांदा कामाला आला.

आता फक्त चढवायचं आणि बिजागरी कुठल्या बाजूला ठेवायची ते ठरवायचं. दोन मिनिटांचं काम, म्हणून मी चहा चुलीवर ठेवून बसलो.

बिजागरीची जागा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात, वर म्हणजे बारा, उजवीकडे तीन, तसं. मी सरळ बारा वाजता लावली. पुढचं झाकण उभं राहिलं ते शिडासारखं, समुद्रावरून वारा आला की फडफड फडफड, आणि मागचं तर विचारू नका. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, त्यात ते झाकण सुटून भुवईवर आपटलं. बारा वाजले ते खरोखरच माझे.

मग पुढचं सहाला. तर नळी आडवी आली, झाकण अर्धवट उघडून जांभई देत बसलं, स्कोपमध्ये अख्खं जग अंधुक. मग नऊला. बंदुकीची नळी खाली दुमडून डाव्या हाताने छर्रा भरताना अंगठा नेमका त्याच्यावर, छर्रा गेला गवतात. तीनला लावलं तर बंदूक भिंतीला टेकवताना रोज तेच आधी आपटणार. साडेसातवर पण करून बघितलं, पण आईने नुसतं "साडेसात?" असं विचारलं आणि मी मुकाट्याने काढलं.

मागच्या झाकणाने तर कहर केला. माझ्या स्वस्तातल्या स्कोपला झूम करायचं तर मागचा अख्खा भाग फिरतो. म्हणजे झूम ३ पटीवर असताना झाकण नऊ वाजता, छान डावीकडे, आणि ९ वर नेलं की अर्धा फेरा मारून थेट तीनवर, माझ्या टर्रेट (नेम जुळवायची चकती) फिरवायच्या हाताखाली. लांबचं बघायचं तर तीनतेरा आणि जवळचं बघायचं तर नऊ. चहा तोवर उतू जाऊन चूल विझली होती.

एवढ्यात मुंबईचा चुलतभाऊ आला. म्हणाला, "अरे झाकण, २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटरला ब्राँझ मारलं ना, त्याच्या रायफलवर दुर्बीणच नव्हती." बरोबर आहे त्याचं, ऑलिंपिक रायफलला ती चालतच नाही, बारीक भोकातून बघतात. पण त्याला कोण सांगणार की दहा मीटरवरची करवंटी मला दुर्बिणीतूनही चुकते. 'अरे झाकण' मात्र मनाला लागलं, म्हणजे त्या दिवशी जरा जास्तच.

शेवटी तात्या खळ्यात येऊन बसले. तात्यांची ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, इलेक्शन आलं की पोलीस स्टेशनात जमा होते आणि निकाल लागला की परत येते, आमच्यापेक्षा तिचाच प्रवास जास्त. तिच्या नळीत जुन्या लुंगीचा बोळा, संपलं झाकण. बराच वेळ बघून म्हणाले, "रे झिला, बंदूक मारतंस काय घड्याळ लावतंस?"

मी म्हटलं, तात्या, तुम्हीच सांगा. त्यांनी पुढचं झाकण धरून साडेदहाच्या आसपास आणलं, म्हणजे वारा अडत नाही आणि अंगठ्यालाही लागत नाही, आणि उघडल्यावर मागे दुमडून सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगीत अडकवलं. आता झटक्याने हलत नाही. मी वहिनीच्या नेलपॉलिशने तिथे खूण केलीय, तेवढी पुसली तर परत चहा उतू जाणार. मागचं झाकण त्यांनी काढूनच टाकलं, "तुका हेचा काय काम?" मागच्या काचेला ट्यूबचाच रुंद पट्टा, ओढला की निघतो, पण आधी काच कोरडी पुसायची, नाहीतर ओल आतच कोंडते आणि बुरशी पुन्हा येते.

काढलेलं झाकण तात्यांनी खिशात टाकलं. परवा बघितलं तर त्यांच्या तपकिरीच्या डबीवर ते चपखल बसलंय. अंगठ्याने टक्, चिमूट, परत टक्. बिजागरी किती वाजता ठेवलीय म्हणून विचारायला गेलो, तर त्यांना शिंक आली.