सुरक्षित ऑफिस दिसावं कसं

तुमच्या हाताखाली दहा माणसं असोत की हजार, त्यांचं आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण आता तुमच्या गळ्यात पडलं आहे. घाबरू नका. ही जबाबदारी पार पाडायची नसते, फलकावर लिहायची असते. ‘सुरक्षा प्रथम’ एवढे दोन शब्द रिसेप्शनवर, पाहुण्यांच्या नजरेत भरतील असे लावा. त्याखाली कमिटीच्या सदस्यांची नावं. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं खोडायची घाई करू नका, कमिटी तेवढीच भरगच्च दिसते.

सुरुवात खुर्च्यांपासून करू. चांगली खुर्ची मागणाऱ्याला आधी डॉक्टरांचं पत्र आणायला सांगा. पाठ दुखायला लागल्याशिवाय पाठ दुखू न देणारी खुर्ची द्यायची नाही, हे धोरण एकदा पक्कं झालं की निम्मे अर्ज येतच नाहीत. पंप गेलेल्या, बसल्या बसल्या खाली खाली जाणाऱ्या खुर्च्या नव्याने लागलेल्या पोरांना द्या, ती तक्रार करत नाहीत. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, कोपर साधारण काटकोनात हवं, हे पोस्टरवर छापून झालेलंच असतं. मग सगळ्यांना लॅपटॉप वाटून टाका. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. लॅपटॉप उंच ठेवला तर मनगटं कामातून जातात, टेबलावर ठेवला तर मान. काय घालवायचं हे कर्मचाऱ्याने स्वतः निवडावं. याला वार्षिक अहवालात ‘सक्षमीकरण’ म्हणता येतं. वेगळा कीबोर्ड कोणी मागितलाच तर पुढच्या तिमाहीत बघू म्हणा.

वॉटर कूलरवर ‘भरपूर पाणी प्या’ असं लिहा, आणि जागेवरून उठलेल्या मिनिटांचा हिशोब ठेवा.

एसीचं तापमान कोणी ठरवायचं, हे कधीही ठरवू नका.

प्रथमोपचाराची पेटी कुलपातच शोभते. आत मुदत संपलेलं मलम आणि रिकामं कापसाचं पाकीट असलं तरी चालेल, कात्री तेवढी पार्सलं फोडायला बाहेर काढून ठेवा. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळायला जितका उशीर होईल, तितकी त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी कमी होत जाते. तेव्हा झटका देणारं ते यंत्र घेतलंच तर तळमजल्याच्या लॉबीत, काचेच्या कपाटात, छान दिवा लावून ठेवा. माणसं वरच्या मजल्यांवर बसतात हा तपशील झाला.

आता आग. या विषयावर माझा अभ्यास ताजा आहे, कारण गेल्याच आठवड्यात आमच्याकडे मॉक ड्रिल झाली. अचानक आग लागणार असल्याची मेल आदल्या दिवशीच आली होती, वेळेसकट. क्लायंटच्या कॉलवर असणाऱ्यांना सूट होती. आगीनेही ती दिली असतीच. भोंगा वाजला, आम्ही आपत्कालीन जिन्याकडे निघालो. जिन्यात जुने मॉनिटर, मोडक्या खुर्च्या, कागदाचे खोके, आणि भिंतीला टेकवलेला गेल्या वर्षीच्या सुरक्षा सप्ताहाचा स्टँडी. त्यातून अंग चोरत खाली पोचलो तर बाहेरच्या दाराला साखळी आणि कुलूप. चावी कुठे? ॲडमिनकडे. ॲडमिन कुठे? रजेवर. आणि कुलूप कशासाठी, तर लोक कार्ड पंच न करता तिथून सटकतात म्हणून! नारिंगी जाकीट घातलेले आमचे फायर मार्शल क्षणभर त्या कुलपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘समजा दार उघडं आहे.’ आणि आम्ही सगळे परत वर चढलो आणि लिफ्टने खाली उतरलो. हो, लिफ्टने. आगीच्या ड्रिलमध्ये.

समजा दार उघडं आहे! धुराला सांगणार का हे? अशा वेळी माणूस ज्वाळांनी भाजायच्या आधी बहुधा धुरानेच गुदमरतो, आणि धूर साहेबांच्या सहीची वाट बघत नाही. 25 मार्च 1911 ला न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली. 146 माणसं गेली, त्यात बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरचं एका जिन्याचं दार बंद होतं. मुलींनी माल चोरून नेऊ नये, बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, म्हणून ते कुलूपबंद ठेवत. मालकांवर खटला झाला, आणि दार बंद असल्याचं त्यांना ठाऊक होतं हे सिद्ध न झाल्याने ते निर्दोष सुटले. शंभर वर्षं उलटून गेली तरी कुलूप तेच आणि कारणही तेच: पळून जातील. तेव्हा पिशव्या तपासायच्या होत्या, आता कार्ड पंच व्हायला हवं. एवढाच काय तो फरक. एक अलार्म बसवा ना त्या दारावर, आतून ढकललं की उघडेल आणि कोण सटकलं तेही कळेल! पण नाही. साखळी स्वस्त पडते.

असो. सल्ले द्यायचे होते.

मानसिक आरोग्य विसरू नका. जेवणाच्या सुट्टीत ताणमुक्तीचं वेबिनार ठेवा, हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू. दीर्घ श्वास घ्यायला शिकवा आणि शेवटी प्रश्नमंजूषा घ्या. नापास होणाऱ्यांना रिमाइंडर पाठवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याची, व्याख्या केली तेव्हा त्याचं मूळ कामाच्या जागी साचलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणात असल्याचं म्हटलं, हे वेबिनारमध्ये सांगू नका. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर 2021 मध्ये अंदाज मांडला, की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास राबल्यामुळे एकट्या 2016 मध्ये पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे 7 लाख 45 हजार माणसं दगावली. हे तर मुळीच सांगू नका. रात्री अकराला ‘अर्जंट’ मेल टाकायची असेल तर खाली ‘सवडीने बघा’ असं लिहा, झालं संतुलन.

मॉक ड्रिलचं शेवटचं काम म्हणजे डोकी मोजणं. आमच्याकडे मोजली. यादीशी तंतोतंत जुळली, टाळ्या झाल्या, ग्रुप फोटो झाला. फोटो चालू असताना मी वर बघितलं तर आमच्या मजल्याच्या खिडकीत सफाईच्या मावशी उभ्या होत्या, हातात पोछा, आमच्याकडे बघत. त्या कंत्राटदाराच्या. आमच्या यादीत नाहीत. भोंगा वाजल्यावर काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

आता सल्ला वगैरे पुरे. अरे, लाज वाटली पाहिजे! रोज तुमच्या टेबलावरचे डाग पुसणारं माणूस जळून गेलं असतं आणि तुमचा आकडा बरोबर आला असता. कोणाला फसवताय तुम्ही? इन्स्पेक्टरला? तो दर दिवशी येत नाही; आम्ही येतो. जिन्यातला कचरा हलवायला बजेट लागत नाही, चार माणसं आणि एक दुपार लागते. कुलूप काढायला तेवढंही नको. यादीत मावशींचं, गार्डचं, पँट्रीतल्या पोराचं नाव घालायला पाच मिनिटं पुरतात, आणि त्यासाठी कमिटीची मीटिंग बोलावू नका. पुढच्या वेळी चावी कोणाकडे आहे असं विचारलं तर ‘प्रोसेस आहे’ हे उत्तर मला देऊ नका. माणसाचं नाव सांगा.