तिला सुट्टी नाहीये

आज दुपारी एरंडवण्यात केळवणाला गेले होते, चुलत पुतण्याचं. जेवण फार छान होतं, अळूचं फदफदं कित्येक दिवसांनी मनासारखं खाल्लं. जिलबी पानात पडतेय तोच समोरच्या पंगतीतून एक नातेवाईक बाई (नाव लिहीत नाही, वाचतील तेव्हा कळेलच) म्हणाल्या, "अगं, आम्ही २४ला फुकेतला चाललोय, तुझ्या लेकीला सांग ना दोन दिवस यायला, तिलाही तेवढाच चेंज, नाहीतरी नाताळची सुट्टीच असणार शाळेला." मी म्हटलं, तिला २५ला सुट्टी नसते, शाळा असते. तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "शिक्षकांना आणि सुट्टी नसते? सुट्ट्यांमधून वेळ मिळाला तर शाळा असते त्यांना!" आख्खी पंगत हसली. आमचे हेसुद्धा हसले.

जिलबी तशीच टाकून उठले. अन्न टाकायची मला सवय नाही, पण घास उतरेना.

घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, पण तुम्ही सगळे माझ्यासारखेच शाळेत आयुष्य काढलेले किंवा शिक्षकांच्या घरात वाढलेले, तुम्हाला फार समजावून सांगायला लागणार नाही.

आधी ते फुकेत. माझी लेक थायलंडमध्ये खोन केनला असते, तिथल्या शाळेत शिकवते. बँकॉकपासून ४५० किलोमीटर वर, ईशान्येकडे. इसान म्हणतात त्या भागाला. भातशेतीचा मुलूख, माणसं चिकट भाताचे गोळे करून हातानं खातात, समुद्र जवळपास कुठेही नाही. आणि फुकेत बँकॉकच्या खाली ८०० किलोमीटरच्या वर. म्हणजे मधेच उठून दोन दिवस ये म्हणायचं तर पुण्याहून दिल्लीला चक्कर मारून ये म्हटल्यासारखं झालं. पण नकाशा कोण बघतंय. आपल्याकडे थायलंड म्हणजे बीच, मसाज आणि पटाया, संपलं. लेक तिकडे लागली तेव्हा एका गृहस्थांनी "थायलंऽऽड?" असं लांबवून म्हणत ह्यांच्याकडे बघून डोळा मारला होता. माझ्यासमोर. बी.एड. झालेली मुलगी, इथे एका शाळेत चार वर्षं तुटपुंज्या पगारावर गणित शिकवलं, कायम करतो करतो म्हणून शेवटपर्यंत केलं नाही, म्हणून बाहेर गेली. आणि ह्यांना डोळा मारावासा वाटतो! तीच अमेरिकेत कॉम्प्युटरवर बसली असती तर ह्याच लोकांनी केळवणात तिचा फोटो फिरवून फिरवून दाखवला असता. परदेशात शाळामास्तरीण म्हटलं की लगेच, "हो का, बरं बरं."

आता गेल्या वर्षीचा २५ डिसेंबर सांगते, कारण आज त्या बाई बोलल्या तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तोच दिवस आला.

त्या दिवशी आमच्याकडे सगळे जमले होते, नणंदेची मुलं, भाचरं, घरात केक आणलेला. मी म्हटलं व्हिडिओ कॉल लावू, सगळ्यांशी बोलेल. सकाळचे साडेदहा असतील आपले, म्हणजे तिकडे बारा, दीड तास पुढे आहेत ते. तिनं फोन उचलला, डोक्याला लाल टोपी, मागे मुलांचा नुसता गलका, म्हणाली, "आई, आत्ता नको गं, मुलं थांबलीत," आणि अर्ध्या मिनिटात ठेवला. सगळ्यांसमोर. मला इतकं लागलं म्हणून सांगू. मी फोन सोफ्यावर आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, हिला आता आपली गरज राहिली नाही.

हे मी म्हणाले. आज ज्यांच्यावर चिडलेय त्यांच्याइतकंच मीही बोलून गेलेले आहे, ते लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

थायलंडमध्ये नाताळची सरकारी सुट्टी नसतेच. बौद्ध देश, कशाला असेल. डिसेंबरात ५ आणि १० तारखेला सुट्टी असते, मग एकदम ३१ आणि १. बाकी शाळा चालू. दुसरं सत्र नोव्हेंबरात सुरू होतं ते मार्चपर्यंत, डिसेंबर म्हणजे ऐन मध्यावर. वर तो नाताळ साजरा करायचं काम फॉरेन टीचरच्या गळ्यात, कारण शाळेला वाटतं हे परदेशी लोक, ह्यांना सगळं येत असणार. आमची सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी, तिनं यूट्यूबवर बघून बघून गाणी पाठ केली आणि ४६ थाई मुलांकडून बसवून घेतली. स्टेजच्या मागे लावायच्या चांदण्या आणि मोठी मोठी अक्षरं, सगळं तिनं आणि एका फिलिपिनो मैत्रिणीनं मिळून कापलेलं, आधीच्या तीन रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत, लॅमिनेशन केलेला जाड कागद. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा बोलताना तिनं कपाळावरचे केस मागे घेतले आणि मला हात दिसला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी टपोरा फोड, फुटलेला, वर पांढरी चिकटपट्टी, तिची कडा सुटून काळी झालेली. मी विचारलं, हे काय? "काही नाही गं, कात्री लागली."

मी काही बोलले नाही. तो फोड मला ओळखू येतो. ३१ वर्षं शाळेत काढलीत, डिसेंबरात गॅदरिंगचे कागद कापून माझ्या अंगठ्याला त्याच जागी यायचा.

तर सुट्ट्यांमधून वेळ मिळाला तर शाळा, नाही का. सव्वासातला ती गेटवर उभी असते. मुलं एकेक करून येतात, हात जोडून वाकून नमस्कार करतात, ही प्रत्येकाला उलट नमस्कार करते. आठला झेंडा आणि राष्ट्रगीत. आपल्याकडे तेव्हा साडेसहा, मी चहाचं आधण ठेवत असते आणि रोज मनात येतं की आत्ता ही तिकडे ताठ उभी असेल. मग तास, एकेका वर्गात चाळीस-पन्नास मुलं. वह्या, पेपर, शिवाय मार्क भरायचे आणि नापास झालेल्यांना पुन्हा पुन्हा बसवून पास होईपर्यंत सोडायचं नाही. हजेरीवर सालसुद्धा त्यांचं लिहायचं, बौद्ध साल, आपल्यापेक्षा ५४३ पुढे, आपलं २०२० म्हणजे तिकडचं २५६३. पहिला महिनाभर ती साल चुकवत होती आणि पानंच्या पानं परत लिहीत होती.

आणि "सुट्टी टाकून ये ना" म्हणणाऱ्यांनी हेही ऐका. दर ९० दिवसांनी तिला इमिग्रेशनला कळवावं लागतं की मी अमुक पत्त्यावर राहतेय. देशाबाहेर पाऊल टाकायचं तर आधी री-एन्ट्री परमिट काढायचं, एका वेळचे १००० बाट, ते न काढता विमानात बसली तर राहायची परवानगीच रद्द, परत पहिल्यापासून कागद गोळा करायचे. पगार पासपोर्ट बघून ठरतो. इंग्लंड-अमेरिकेचा गोरा मुलगा, बी.एड. नाही काही नाही, तो त्याच वर्गात शिकवून हिच्यापेक्षा जास्त घेतो, कारण तो नेटिव्ह स्पीकर. एजन्सीमार्फत लागलीये, कॉन्ट्रॅक्ट दहाच महिन्यांचं, त्यामुळे मोठ्या सुट्टीत पगार नाही.

हो, मोठी सुट्टी असते. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत शाळा बंद असते, मान्य. ऑक्टोबरातही दोन-तीन आठवडे मिळतात, तेही मान्य. दिवाळी लवकर आली तर तिला सापडते, उशिरा आली तर ती आकाशकंदील व्हिडिओवर बघते. आणि हो, तिला कुणी हाकललं नव्हतं, स्वतःच्या मनानं गेली. झालं समाधान?

चहा करून आले. हे दारात येऊन म्हणाले, सोड ना आता, चेष्टेत बोलल्या त्या. मी म्हटलं, तुम्ही हसलात ते मला जास्त लागलंय. गप्प झाले. मग म्हणाले, चुकलं माझं. आता आत जाऊन वर्तमानपत्र उलटंपालटं करतायत, म्हणजे खरंच वाईट वाटलेलं दिसतंय.

जरा शांत झालेय, तर एक चांगलं सांगते.

तिकडे जूनमध्ये शाळेत वाय ख्रू म्हणून दिवस करतात, गुरूला वंदन. ख्रू म्हणजे शिक्षक, तो शब्द आपल्या गुरूवरूनच आलाय. आणि हा कार्यक्रम शक्यतो गुरुवारीच करतात, त्यांच्या भाषेत गुरुवारचं नावच बृहस्पतीवरून आहे. मुलं शिक्षकांपुढे गुडघ्यावर बसून फुलांचं तबक देतात. पहिल्या वर्षी लेकीनं त्या तबकाचा फोटो पाठवला, म्हणाली, आई, झूम करून बघ ह्यात काय आहे. बघते तर दूर्वा! आपल्या गणपतीच्या दूर्वा. त्यांच्यात दूर्वा म्हणजे चिकाटी, कितीही तुडवल्या तरी पुन्हा वर येतात म्हणून. सोबत वांग्याचं फूल, ते खाली वाकलेलं असतं म्हणून नम्रता, आणि एक्झोराचं फूल, त्याची कळी टोकदार म्हणून तल्लख बुद्धी. मी तो फोटो कितीतरी दिवस फोनवर लावून ठेवला होता. मला ३१ वर्षांत ५ सप्टेंबरला पेनं मिळाली, गुलाब मिळाले, ग्रीटिंग मिळाली, मुलांनी प्रेमानंच दिली, मी काही कमी लेखत नाही. पण दूर्वा कुणी दिल्या नव्हत्या. माझ्या मुलीला मिळाल्या. तिकडे १६ जानेवारीला शिक्षक दिन असतो, त्या दिवशी शाळांना सुट्टी देतात. ही शिक्षकाची सुट्टी आणि ही त्याची किंमत, केळवणातल्या पंगतीला कशी कळणार.

नाही, परत चिडायचं नाही ठरवलंय.

सवाई नुकतंच झालं. मुकुंदनगरला एक दिवस जाऊन आले, एकटीच. रमणबागेत व्हायचं तेव्हापासून आम्ही दोघी जायचो, एक शाल दोघींच्या खांद्यावर. ह्या वर्षी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली होती. मध्यंतरात तिला मेसेज टाकला तर उत्तर आलं, "पेपर तपासतेय, कोण गायलं?" मी सगळं टाइप करून सांगितलं. त्यातही मजा आली, खोटं कशाला बोलू.

पण तो फोड काही डोक्यातून जात नाही.

माझी लेक तिसरीत असताना तिच्या गॅदरिंगमध्ये कोळीनृत्यात होती. पहिल्या रांगेत. घरी पंधरा दिवस टोपली डोक्यावर घेऊन नाचत होती, आई तू येशील ना, आई तू येशील ना. आणि त्याच दिवशी, त्याच वेळेला माझ्या शाळेचं गॅदरिंग. मी तिकडे दुसऱ्यांच्या मुलींना नऊवारी नेसवत होते, तोंडात सेफ्टी पिना धरून. रात्री घरी आले तर ही मेकअप न उतरवता कॉटवर झोपलेली, गालावर लाली, पायात अजून घुंगरू, मला दाखवायचं म्हणून सासूबाईंना काढू दिले नाहीत म्हणे. मी ते घुंगरू हळूच सोडवले. सकाळी उठल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुझ्या शाळेतल्या मुली छान नाचल्या का?"

रुसली नाही, रडली नाही. आठ वर्षांची होती.

आणि मी गेल्या वर्षी, साठी ओलांडलेली बाई, अर्ध्या मिनिटाच्या फोनवरून घरभर सांगत होते की हिला आपली गरज राहिली नाही. त्या दिवशी तिकडे ४६ मुलं थांबली होती, आणि त्यातल्या एकीची आई भातशेतातनं येऊन पहिल्या रांगेत बसली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. आईनं आख्खा वेळ फोन वर धरून शूटिंग केलं म्हणे.

मगाशी तिला मेसेज करून विचारलं, ह्या वर्षी काय आहे. ह्या वर्षी ७ फूट झाड आहे, पुठ्ठ्याचं. कापायला सुरुवात झालीये.

उद्या सकाळी बोहरी आळीत जाऊन चांगली कात्री घेणार आहे, अंगठ्याच्या जागी रबर असलेली, दोन घेते, एक तिच्या त्या मैत्रिणीला. संक्रांतीच्या वड्या आणि कात्र्या एकाच पार्सलमध्ये जातील. नाताळच्या आत पोचणार नाही, माहितीये मला. पण झाडानंतर तिकडे बालदिन आहे जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, तेव्हाही हिलाच कापायचंय.

आणि फुकेतवाल्या बाई, तुम्ही वाचत असाल तर, मनात काही ठेवत नाही मी. मजेत जाऊन या. तिचा नंबर तेवढा मागू नका. २५ला तिची शाळा आहे, दुपारी बारा वाजता मुलं स्टेजवर जाणारेत, त्या वेळेला मीसुद्धा फोन करणार नाहीये.